ग्रहणात सूर्याचे प्रभामंडल कसे पाहतात?

लोणी स्टेशनवरून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जेऊर लागते. करमाळा तालुक्यातल्या या गावी २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथक तिथे आले होते, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवालाही दुर्बिणी मांडून बसले होते. सगळी धडपड सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

कारण सूर्याचे बाहेरचे वातावरण, म्हणजे प्रभामंडल किंवा कोरोना, तबकडीच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकेच तेजस्वी असते. एरवी ते झगमगाटात बुडून जाते. सूर्य ९९ टक्के झाकला तरी ते नीट दिसत नाही. चंद्राने तबकडी पूर्ण झाकली की मोत्यासारखी पांढरी प्रभा उमटते. १८६९ च्या ग्रहणात तिच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती नव्या मूलद्रव्याची समजून त्याला 'कोरोनियम' असे नावही दिले गेले. १९४० च्या सुमारास कळले, ते तर लोखंडच! फक्त त्याच्या अणूंतले निम्मे इलेक्ट्रॉन निघून गेलेले. त्यासाठी दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर जेमतेम साडेपाच हजार अंशांचा. बाहेरचे आवरण एवढे का तापते, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. भारताचे आदित्य-एल१ यान तबकडी कृत्रिमरीत्या झाकून त्याचाच शोध घेत आहे.

त्याच ग्रहणात महार-मांगांना 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत दारोदार फिरावे लागे, हे आपण विसरू नये. आणि राहू फक्त पुराणातच आहे असेही नाही. संयुत्त निकायातल्या सूरिय सुत्तातही राहू सूर्याला धरतो. ते सुत्त त्या काळच्या समजुतीच्या भाषेत आहे, एवढे मोकळेपणाने सांगायला आपण कचरू नये. आजही आपल्याच काही घरांत गरोदर बाईला ग्रहणात कोंडून ठेवतात. तिला कोणता सुत्ताचा आधार आहे?

२ ऑगस्ट २०२७ च्या संध्याकाळी आपल्या भागातून खंडग्रास ग्रहण दिसेल. प्रभामंडल दिसणार नाही, म्हणून चष्मा एक क्षणही काढायचा नाही. तोही आयएसओ १२३१२-२ मानकाचाच हवा. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म नको. विहारात कार्यक्रम ठेवणार असाल तर चष्मे आधीच मागवा, आणि गरोदर बहिणींनाही बोलवा.