रुसवे सोडा, हिशेब मांडा!

मैत्रिणींनो, एखाद्या चांगल्या कामाच्या मदतीसाठी महिला मंडळाने एकांकिकांची संध्याकाळ ठरवली, की पहिला रुसवा होतो तो भूमिकेवरून! 'नायिका तीच का?' इथपासून सुरुवात.

अशा वेळी ८ जुलै १९२१ ची आठवण जरूर सांगावी. त्या दिवशी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोघे वेगळ्या नाटक मंडळ्यांचे, चढाओढीचे गायक नट. पण त्या प्रयोगात बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. पुढच्या तिकिटाला शंभर रुपये मोजून लोक आले! त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. रुसवा धरला असता, तर तो योग पुन्हा येताच ना.

देवगाव रंगारीसारख्या गावी एवढा थाट नको. अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन एकांकिका बसवा. जास्त जणींना काम मिळतं. लेखकाची परवानगी आधी घ्या. साड्या घरातल्याच चालतील. मांडव नि ध्वनिक्षेपकाचा खर्च मात्र देणगीतून भागवा, म्हणजे तिकिटाचा पैसा सबंध मदतीला जाईल. चहा-फराळ ज्याचा त्याने!

आणि दुसऱ्याच दिवशी जमाखर्च फळ्यावर लिहा, रक्कम पोचल्याची पावतीही लावा. लोकांनी तिकीट घेतलं ते तुमच्या शब्दावर. तो शब्द राखला, तर पुढच्या वर्षी दारोदार फिरावं लागणार नाही.