अँटिऑक्सिडंटच्या आधी एचबीए१सी

जालना रोडलगतची मुकुंदवाडी एकेकाळी वेगळे गाव होती, आता छत्रपती संभाजीनगरात पुरती मिसळून गेली आहे. एका अंगाला सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची एमआयडीसी. इथल्या कितीतरी घरांचा महिना कारखान्याच्या पगारावर नाही तर रोजच्या कमाईवर निघतो. अशा घरात मधुमेह शिरला की औषधाइतकाच मोठा प्रश्न उभा राहतो तो पैशांचा: कोणती तपासणी करायची आणि कोणती सोडून द्यायची? त्यातच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द आता आरोग्य तपासणीच्या मोठ्या पॅकेजांतून आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सुलांच्या वेष्टनांवरून सामान्य माणसापर्यंत येऊन पोहोचला आहे. या शब्दामागचे विज्ञान खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण एकेका रुग्णाने स्वतःच्या खिशातून हा ताण मोजून घ्यावा किंवा तो उतरवायला कॅप्सुला गिळाव्यात, याला आज पुरेसा आधार नाही. तोच पैसा साध्या, जुन्या तपासण्यांवर खर्च झाला तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

आधी विज्ञान पाहू. पेशी अन्नातून ऊर्जा काढतात तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइडसारखे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना आवरणारी विकरे आणि ग्लुटाथायोनसारखे अँटिऑक्सिडंट रेणू शरीरातच असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे हे काम १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले. हल्ला आणि बचाव यांचे पारडे हल्ल्याकडे झुकण्याच्या स्थितीसाठी १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव रुळवले. मधुमेहाशी या ताणाची सांगड घालणारा सर्वांत चर्चिला गेलेला विचार मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडला. रक्तातली साखर वाढली तरी बहुतेक पेशी आत येणारी साखर रोखू शकतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या आणि नसांमधल्या काही पेशींना मात्र ते जमत नाही. तिथे साखर बेसुमार शिरते, मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड उसळते आणि त्यातून हानीच्या अनेक वाटा एकदम खुल्या होतात. मधुमेह नेमका डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि तळपाय यांवरच का घाला घालतो, याचा चांगला खुलासा यातून मिळतो.

अडचण येते ती मोजमापात. हे रेणू जन्मतात आणि क्षणार्धात संपतात, त्यामुळे प्रत्यक्ष ठिणगी हाती लागत नाही, मागे उरलेली राख तेवढी मोजता येते. मेदाम्लांची मोडतोड झाली की मॅलोनडायअल्डिहाइड उरते, डीएनएला इजा झाली की ८-ओएचडीजी हा तुकडा लघवीतून बाहेर पडतो, ग्लुटाथायोन खर्ची पडते. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या प्रबंधांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी मॅलोनडायअल्डिहाइडची. रक्तद्रवात आम्ल घालून प्रथिने खाली बसवायची, थायोबार्बिट्युरिक आम्ल मिसळायचे, परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवायची आणि आलेला गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. हा रंग एकट्या मॅलोनडायअल्डिहाइडमुळे येत नाही, काही शर्करा आणि बिलिरुबिनही त्यात भर घालतात. उकळताना नळीतला मेद नव्याने खराब होतो तो वेगळाच. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात नमुना तासन् तास वाहनात पडून राहिला, तर अहवालात रुग्णाच्या शरीरातला ताण किती आणि नळीतला किती, हे वेगळे काढता येणार नाही. लघवीतल्या आयसोप्रोस्टेन या दुसऱ्या खुणेची चाचणी याहून पुष्कळ भरवशाची आहे, पण तिला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि तो गल्लीतल्या लॅबमध्ये नसतो. मुख्य म्हणजे अमुक आकड्याच्या पुढे आजार, अमुक आकड्याला उपचार बदलायचा, अशी सर्वमान्य रेषा यातल्या एकाही चाचणीला नाही. रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीला ती आहे. जगभरातल्या यंत्रांचे माप एकमेकांशी जुळवून घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ टक्क्यांची रेषा निदानासाठी स्वीकारली.

म्हणून ताणाच्या या खुणा निरुपयोगी ठरत नाहीत. संशोधनात त्यांचे मोल मोठे आहे आणि त्याचा उत्तम दाखला पुण्यातच मिळतो. पुणे विद्यापीठाच्या सरोज घासकडबी, पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतेच मधुमेहाचे निदान झालेले रुग्ण घेतले आणि उपचारांपूर्वी व नंतर या खुणा मोजल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, साखर आटोक्यात आल्यावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उतरला आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचे काम सुधारले. रुग्णांना दिलेली औषधे मधुमेहाचीच होती. मला हा निष्कर्ष कळीचा वाटतो. नेहमीच्या शुगरच्या गोळ्या, वेळेवरचे जेवण आणि चालणे यांतून उगमालाच बांध पडतो आणि ताण खाली येतो. मग तो वेगळा मोजून रुग्णाच्या हाती नवे काय पडणार? साखरेचा आकडा तीच गोष्ट अधिक स्वस्तात आणि अधिक खात्रीने सांगतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हानी या क्रियाशील रेणूंमुळेच, म्हणजे मुक्त मूलकांमुळेच होत असेल, तर त्यांना मारणारी जीवनसत्त्वे घ्यायला हरकत काय? तर्क बिनतोड दिसतो आणि म्हणूनच तो मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. २००० मध्ये होप चाचणीचे निकाल आले, साडेनऊ हजारांवर रुग्णांची. त्यांत मधुमेहीही मोठ्या संख्येने होते. ई जीवनसत्त्वाने ना हृदयविकाराचे झटके टळले, ना पक्षाघात. याचे एक कारण असे असावे की, शरीर हे रेणू कामालाही लावते. पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड सोडून जंतू मारतात, आणि व्यायामाने स्नायूंना मिळणारा सुधारणेचा निरोपही काही अंशी याच रेणूंवाटे जातो. रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, व्यायामासोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांत इन्सुलिनचा प्रभाव सुधारलाच नाही, नुसता व्यायाम करणाऱ्यांत तो सुधारला. अर्थात हे गोळ्यांविषयी आहे. पालेभाजी, शेंगदाणे, आवळा, पेरू यांना ते लागू नाही, ते खायलाच हवेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तोही पुण्यातूनच येतो. घासकडबी यांच्याच गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मधुमेहींना सहा महिने तोंडावाटे ग्लुटाथायोन दिले. डीएनएच्या हानीची खूण असलेले ८-ओएचडीजी घटले आणि पंचावन्नपुढच्या रुग्णांत एचबीए१सीदेखील सुधारले. रुग्ण यादृच्छिक पद्धतीने वाटून केलेले हे काम आहे, ते डावलता येणार नाही. पण त्यातून काय सिद्ध झाले आणि काय राहिले, हे वेगळे ठेवायला हवे. सहा महिन्यांत खुणा सुधारल्या. कोणाचे डायलिसिस टळले का, कोणाची नजर वाचली का, हे कळायला अनेक वर्षे आणि कितीतरी जास्त रुग्ण लागतात. खूण सुधारली म्हणजे रुग्ण वाचला, असे गृहीत धरण्याचा धोका बार्डोक्सोलोनने दाखवला आहे. पेशींचा अँटिऑक्सिडंट बचाव जागा करणाऱ्या या औषधाने मूत्रपिंडाचे आकडे सुधारलेले दिसत होते, पण मोठ्या चाचणीत मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले आणि २०१२ मध्ये ती बंद करावी लागली. पुण्याच्या कामाला पुढे मोठी, लांब मुदतीची चाचणी मिळायलाच हवी. तिचे उत्तर येईपर्यंत दुकानातून स्वतःच्या मनाने ग्लुटाथायोन आणणे हा स्वतःवर केलेला महागडा प्रयोग ठरेल.

या खुणांना खरे काम आहे ते वस्तीच्या पातळीवर. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात आयसोप्रोस्टेन वाढलेले असतात आणि दोन आठवडे सिगारेट बंद ठेवली की ते घटतात, हे १९९५ मध्येच दिसले. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही दोन्ही शहरे आहेत. जालना रोडवरचा धूर आणि धूळ, तंबाखू-गुटखा आणि साखर हे तिन्ही एकाच कामगाराच्या अंगात भेटतात तेव्हा काय होते, हे मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी चांगल्या उपकरणांनी तपासावे. पन्नास रुग्ण, पन्नास निरोगी आणि तोच गुलाबी रंग, अशा प्रबंधांची आता गरज उरलेली नाही. असा अभ्यास सार्वजनिक पैशातून व्हावा, रुग्णाच्या खिशातून नव्हे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, आणि चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय मुकुंदवाडीपासून लांब नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन चार गोष्टी आवर्जून विचारा: गेल्या सहा महिन्यांत एचबीए१सी पाहिले का, वर्षभरात लघवीतले अल्ब्युमिन तपासले का, डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून पाहिला का, आणि तळपायाची संवेदना कोणी तपासली का? रक्तदाब तर दर भेटीत घ्यायला लावा. तंबाखूची पुडी खिशात असेल, तर ती आजच टाकून द्या.