शेंड्याकडे नजर

सकाळी ६

मृगाच्या चार सरी पडून दिवेआगरात आज उघडीप मिळाली आहे. असा दिवस मी माडांसाठीच राखते. चहाच्या आधी परसात एक फेरी, आणि नजर वर. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला कोंब एकच, तोही थेट शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जे माड मधून मोडले ते संपले. जे नुसते कलले, पण मुळं धरून राहिले, त्यांचे शेंडे हळूहळू पुन्हा आभाळाकडे वळले आणि आज त्यांना नारळ आहेत.

वादळानंतर लावलेल्या बाणवलीच्या माडांपैकी विहिरीकडच्या एकाचं नवं पान कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतंय. गेंड्या भुंगा. पान सुरळीत मिटलेलं असतानाच तो ते पोखरतो, म्हणून उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखाच काप दिसतो. शिडी लावून चढते. देठाच्या बेचक्यात भोक, भोकाच्या तोंडाशी ओला चोथा. तारेचा आकडा आत घालून फिरवते आणि ओढते. काळा, चकचकीत, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू, पाव पाव किलो, मिसळून भरते. गेंड्याच्या भोकानं माड सहसा मरत नाही. पण त्याच वाटेनं सोंड्या भुंगा शिरतो, त्याच्या अळ्या आतला गाभा खातात, आणि शेंडा मान टाकतो तेव्हाच आपल्याला कळतं. म्हणून ही सकाळची फेरी मी चुकवत नाही.

सकाळी ८

नारळ पाडणारे पाडेली आले. म्हातारे माड साफ करायचे आहेत.

वरून हाक येते, "वहिनी, ही खालची दोन हिरवी उतरवू का? माड मोकळा दिसेल."

"नको हो, सुकलेली चुडतंच काढा."

चांगल्या माडाच्या डोक्यावर तीस-पस्तीस पानं असावी लागतात, आणि नवं पान महिन्याला जेमतेम एक येतं. पोय, म्हणजे फुलोरा, पानाच्या बेचक्यातून निघते आणि नारळांची पेंड देठावर टेकून वाढते. हिरवं पान तोडलं की पेंडीचा आधार जातो, शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. चढण्यासाठी खोडात खाचाही पाडू देत नाही. आंब्याची जखम सालीनं भरून येते, माडाची कधीच भरत नाही. खाच पडली ती कायमची. हे पाडेलीही जाणतात. दोर पायात अडकवून चढतात.

सकाळी १०

बोर्डो मिश्रण. प्लॅस्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसरीत तेवढ्याच पाण्यात तेवढाच कळीचा चुना, विझवून गाळलेला. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळायचं. आकाशी रंग येतो. त्यात कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा पातं बुडवायचं. पातं कोरं निघालं की मगच पंपात भरते. उतावीळपणा केला तर पानं करपतात.

माडाच्या कोंबात फवारा, पोफळीच्या घडांवरही. माडाचा कोंब कुजवणारी आणि सुपारीवर कोळे रोग आणणारी बुरशी एकाच कुळातली, आणि दोघींना हाच पाऊस लागतो. मधली सुरळी पिवळी पडली, ओढल्यावर अलगद हातात आली आणि कुजका वास सुटला, तर फार उशीर झालेला असतो.

दुपारी जेवण आणि पडवीत थोडी पाठ टेकणं.

दुपारी ३.३०

नवं रोप लावायचं आहे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आणलेलं, बुंधा जाड, सहा पानं. तीन फुटी खड्डा मे महिन्यातच खणून ठेवला होता. आमची जमीन रेताड, म्हणून तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर, म्हणजे ओल धरून राहते. त्यावर तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत. खड्डा अर्धाच भरते. झाड वाढेल तसा पुढे भरायचा. नारळ तेवढा मातीत, कोंबाची मान मातीच्या वर. पावसाळाभर ही मान बोटानं साफ ठेवावी लागते, चिखल साचला की कुजायला सुरुवात. शेजारच्या माडापासून २५ फूट अंतर दोरीनं मोजून घेतलं. घरापासूनही लांबच, पत्र्यावर नारळ पडायला नकोत.

संध्याकाळी ५

मोठ्या माडांना जूनचा हप्ता. वर्षाचं ५० किलो शेणखत आणि ३ किलो सुपर फॉस्फेट आत्ताच; सव्वादोन किलो युरिया आणि २ किलो पोटॅश यांचा तिसरा भाग आज, उरलेला ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत. खोडाला चिकटून घालायचं नाही. पाच फुटांवर गोल चर काढून त्यात.

मग शेणकई, म्हणजे शेणखताचा खड्डा, उपसते. गेंड्याची पैदास इथेच होते. पांढऱ्या, वळून पडलेल्या अंगठ्याएवढ्या अळ्या फावड्यासरशी वर येतात आणि कोंबड्या धावतात. कई उपसली नाही तर सकाळचा आकडा व्यर्थ आहे.

रात्री ८

पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, सोसायटीतला रॉयल पाम विजेच्या तारांना टेकलाय. शेंडा छाटला तर चालेल ना?"

"नाही चालणार. त्यालाही कोंब एकच. शेंडा उडवलास की उभ्या उभ्या मरेल आणि कुजून कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. वीजवाल्यांना बोलवून, तार बंद करून, बुडापासून काढा."

"मग तिथं काय लावू?"

"पामच हवा असेल तर एरिका लाव. त्याला बुडातून फुटवे येतात. उंच झालेलं खोड बुडाशी कापलं तरी बाकीची जगतात. पण अर्ध्यावर कुठलंच कापू नका. माळ्याला आधीच सांगून ठेव."