पोपट देशी, तरी पिंजरा बेकायदा

बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या शिवारात किलबिलणारा हिरवा पोपट पाळायला परवाना लागत नाही, तो लागतो परदेशी पक्ष्यांना, असा समज या जिल्ह्यात आणि शहरांतही दिसतो. प्रत्यक्षात देशी पोपट पाळताच येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 2 मध्ये तो आहे. मोर आणि तारा कासव तर अनुसूची 1 मध्ये आहेत. याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात मोरांसाठी नायगाव मयूर अभयारण्य आहे.

परदेशी प्राण्यांचा नियम निराळा. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना, बॉल पायथॉन अशा प्रजाती सायटिस (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतात. 2022 च्या दुरुस्तीने ही यादी कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये आली. त्यामुळे असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते.

दुकानदाराची पावती पुरेशी वाटते, पण गाडीचे बिल आणि आरसी बुक या जशा वेगळ्या गोष्टी, तशाच पावती आणि नोंदणीही.

नोंदणीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये अधिसूचित झाले. अर्ज ‘परिवेश’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते.

बजरीगार, कॉकाटील सायटिस यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागू नाही.