आधी पिंगळा, मग रानपिंगळा

25 नोव्हेंबर 1997. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, धुळ्यातच होता. शहाद्याजवळ सातपुड्याच्या जंगलात तीन अमेरिकन पक्षिअभ्यासक फिरत होते. बेन किंग यांना झाडावर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे. पामेला रासमुसेन आणि डेव्हिड अॅबट सोबत होते. व्हिडिओ झाला, फोटो निघाले. 1884 नंतर ज्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, तो रानपिंगळा 113 वर्षांनी जिवंत सापडला होता.

मधल्या काळात त्याला शोधलं नव्हतं असं नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही 1970च्या दशकात प्रयत्न केले. पण वाट चुकवणारी माहिती आधीच पेरलेली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातमध्ये रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना म्हणजे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघडकीस आणली. रानपिंगळ्याचा म्हणून छापलेला एक फोटोसुद्धा पुढे साध्या पिंगळ्याचा निघाला.

निसर्गचित्रण शिकायला निघालेल्यांसाठी यात बरंच काही आहे. पेंढा भरलेल्या कातडीवरून पक्ष्याचा रंग कळतो, पण तो शेपटी कशी झटकतो हे कळत नाही. रानपिंगळा ती डावी-उजवीकडे झटपट हलवतो. तो दिवसाउजेडी शिकार करतो, हिवाळ्याच्या सकाळी उंच, उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचं खाणं. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढे त्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा पालकानेच स्वतःचं पिल्लू खाल्ल्याचीही नोंद झाली. अशी गोष्ट दिसायची तर लांब बसून तासन्‌तास पाहावं लागतं.

याच सातपुड्यातल्या मोलगीत राहणाऱ्याला त्यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून वर आलं की मोलगीचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. बांधाबांधावर जुने आंबे आणि महू. अशा झाडांच्या ढोलीत साधा, ठिपकेवाला पिंगळा राहतो. नवख्याने त्याच्यापासूनच सुरुवात करावी. तो माणसांना सरावलेला असतो, संध्याकाळी ठरलेल्या फांदीवर येतो आणि टक लावून उलट आपल्यालाच बघतो.

मोबाइल चालतो. फक्त पडद्यावर बोटं फाकवून झूम वाढवायचा मोह आवरावा. त्यात पक्षी मोठा होतो, पण चित्र फाटतं. त्यापेक्षा झाड, ढोली, खालची वाट असं सगळं मावेल अशी चौकट धरावी. पुढे जमलं तर लांब झूमचा, भिंग न बदलता येणारा कॅमेरा घ्यावा. पण आधी तिपाई. लांब झूमवर श्वासाचा हेलकावाही पडद्यावर भूकंपासारखा दिसतो. तिपाई नसेल तर कापडी पिशवीत भगर किंवा तांदूळ भरून ती बांधावर ठेवावी, त्यावर कॅमेरा टेकवावा. नवख्यांच्या व्हिडिओत पक्षी सापडला की कॅमेरा इकडून तिकडे फिरत राहतो. एकदा चौकट धरली की ती निदान दहा सेकंद हलवू नये. आधी दुरून, मग थोडं जवळून, मग फक्त डोळे-चोच असे तीन तुकडे हाती असले तरच घरी बसून त्यांची गोष्ट जोडता येते.

प्रकाशाचं गणित इथे सोपं आहे. सकाळचं कोवळं ऊन चांगलं. उन्हाळ्यात ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते आणि लांबचं चित्र कितीही महागड्या भिंगातून धूसरच येतं. साग पानं टाकतो तेव्हा फांद्या उघड्या पडतात आणि पक्षी लपत नाहीत. आवाज मात्र बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. मोटारसायकल नसलेली दोन-चार मिनिटं नुसती रेकॉर्ड करून ठेवली, तर वाऱ्याने खराब झालेला आवाज बदलता येतो.

रानपिंगळ्याकडे वळायचं ते यानंतर, आणि जपून. तोरणमाळच्या जंगलात तो आहे. त्याचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमका चित्रणाला सोयीचा काळ. ढोलीसमोर तळ ठोकणं, फांदी तोडून ‘समोरचं मोकळं’ करणं, मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावणं, हे सर्रास चालतं. आवाज ऐकून आलेला नर हद्दीत दुसरा शिरला म्हणून आलेला असतो. तेवढा वेळ त्याची शिकार बुडते आणि अंड्यांवर बसलेली मादी उपाशी राहते. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना त्रास देण्याची गणना ‘शिकारी’तच करतो. अभयारण्यात चित्रण करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राखीव जंगलातही आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं.

घुबडांची अंडी आणि अवयव जादूटोण्यासाठी वापरले जातात, म्हणून घरट्याचा पत्ता कुणाला सांगू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद बंद ठेवावी. नाहीतर फाइलच पत्ता सांगते. तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता एवढं वहीत लिहावं. महिन्याभराने दोनशे फाइली समोर आल्या की वहीशिवाय काही सुधरत नाही.

पावसाळ्यात जंगलाचा नाद सोडावा. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. मोबाइल मात्र मोकळाच असतो, आणि ओसरीवरच्या दिव्याखाली पाखरं टिपायला पाली, बेडूक रोज रात्री हजर असतात.