नुबिया बुडाला, हाडे उरली

टेट्रासायक्लिन घेतलेल्या माणसाच्या हाडाचा पातळ काप अतिनील प्रकाशाखाली धरला, तर त्यात पिवळसर-हिरव्या रेषा चमकताना दिसतात. हे औषध कॅल्शियमला चिकटते आणि ज्या दिवसांत घेतले, त्या दिवसांत तयार होत असलेल्या हाडात जाऊन बसते. दातांतही बसते. म्हणूनच गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत, नाहीतर मुलांचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. हाडांच्या काही आजारांत डॉक्टर या गुणाचा उपयोगही करून घेतात. रुग्णाला ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा हे औषध द्यायचे, मग हाडाचा लहानसा तुकडा काढून दोन चमकत्या रेषांमधले अंतर मोजायचे. हाड किती वेगाने बनते आहे, ते त्यावरून कळते.

१९८० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख आला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज आर्मेलागोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाडांच्या कापांत नेमक्या अशाच रेषा दिसल्या होत्या. अडचण एवढीच, की ती हाडे सुदानच्या उत्तरेकडच्या नुबिया प्रदेशातली होती आणि त्या माणसांचा काळ साधारण इ.स. ३५० ते ५५० होता. टेट्रासायक्लिन वर्गातले पहिले औषध जगापुढे आले १९४८ मध्ये. बेंजामिन डगर यांनी ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळवले, आणि तेव्हा लेडर्ली कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

साहजिकच अनेकांनी शंका घेतली. हाडे शतकानुशतके मातीत पडून होती. मातीतल्याच जिवाणूंनी मागाहून हा उद्योग केला नसेल कशावरून? आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर होते रेषांच्या मांडणीत. जिवंत हाड सतत झिजते आणि नव्याने भरले जाते, आणि ते भरताना गोल थर पडत जातात. चमक या थरांनुसार होती. मेलेल्या हाडात मातीतून काही झिरपले असते, तर ते असे शिस्तीत बसले नसते. पुढे २०१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्क नेल्सन यांनी ही हाडे हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून त्यांतले रेणू वस्तुमानमापनाने तपासले आणि टेट्रासायक्लिन असल्याचे पक्के झाले. त्यांत चार वर्षांच्या एका मुलाची हाडे होती. त्याच्या नडगीत आणि कवटीत ते भरपूर सापडले.

आता प्रश्न उरला, ते पोटात गेले कसे. इथे प्रयोगशाळा थांबते आणि माणसांच्या राहणीचा अभ्यास सुरू होतो. धान्य मातीच्या कणग्यांत साठवले जाई, आणि स्ट्रेप्टोमायसिस तर मातीतच राहतो. पण कोरड्या धान्यात हाडे चमकावीत इतके औषध तयार होणे अवघड. ते व्हायला हवे आंबवण्यात. इजिप्तमध्ये ‘बूझा’ नावाचे पेय विसाव्या शतकातही गरीब लोक घरोघर पीत होते. धान्याला मोड आणायचे, जाडसर भाकरी अर्धीकच्ची भाजायची, दोन्ही पाण्यात कुस्करून आंबू द्यायचे. आजच्या बाटलीतल्या बिअरशी त्याचा फारसा संबंध नाही. दाट, आंबट, पेजेसारखे, आंबिलीच्या कुळातले म्हटले तरी चालेल. आल्फ्रेड लुकास या रसायनशास्त्रज्ञाने कैरोतल्या बूझाचे नमुने तपासून नोंदी करून ठेवल्या होत्या. असे पेय पोरेटोरेही पीत असणार, हे लक्षात घेतले की चार वर्षांच्या मुलाचे कोडे सुटते. आर्मेलागोस यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून तशी बिअर बनवूनही पाहिली.

अर्थात हे चित्र पूर्ण नाही. १९९६ मध्ये डेल्वेन सॅम्युएल यांनी प्राचीन इजिप्तच्या मडक्यांतला वाळलेला गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि निष्कर्ष काढला, की ती बिअर भाकरीपासून नव्हे, तर मोडाचे आणि शिजवलेले धान्य एकत्र करून बनत होती. म्हणजे आजचे बूझा पाहून कालच्या बिअरची कृती जशीच्या तशी सांगता येत नाही. आणि ‘आमच्या पूर्वजांना प्रतिजैविके ठाऊक होती’ असे म्हणण्याची घाई तर मुळीच करू नये, मग पूर्वज नुबियातले असोत की आणखी कुठले. हे पेय घेतल्याने बरे वाटते, एवढे त्यांच्या ध्यानात आले असेल. त्यापलीकडे हाडे काही सांगत नाहीत.

मुळात ही हाडे अभ्यासकांच्या हाती आली ती धरणांमुळे. नाईलवर अस्वान इथे इंग्रजांनी बांधलेले पहिले धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले. पाच वर्षांत त्याची उंची वाढवण्याचे ठरले, तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या काठावरची दफने आधी उकरून पाहण्यासाठी पुरातत्त्व पाहणी सुरू झाली. जॉर्ज राइसनर प्रमुख होते, आणि सांगाडे तपासायला शरीररचनाशास्त्राचे दोन डॉक्टर होते, ग्राफ्टन एलियट स्मिथ आणि फ्रेडरिक वूड जोन्स. १९१० मध्ये निघालेला त्यांचा अहवाल म्हणजे हजारो मृतांची एकाच वेळी केलेली वैद्यकीय तपासणीच. वूड जोन्स यांना हाताच्या पुढच्या भागातली हाडे मोडलेली फार दिसली. त्यांनी त्याचा संबंध लावला नबूतशी, म्हणजे तिथले शेतकरी बाळगत त्या जाडजूड लाठीशी. डोक्यावर येणारा फटका माणूस हात आडवा धरून अडवतो आणि मनगटाच्या वरचे हाड मोडते. अपघात विभागात काम केलेल्या कुणालाही हे नवे वाटणार नाही.

याच अहवालाची दुसरी बाजू मात्र वाईट होती. ज्या लोकांचे नाव माहीत नव्हते, त्यांना राइसनर यांनी अक्षरे दिली: अ, ब, क आणि शेवटी ‘एक्स’ गट. आपल्या चमकणाऱ्या हाडांचे मालक हेच ‘एक्स’ गटाचे लोक. एलियट स्मिथ यांनी कवट्या मोजून या गटांना वंश ठरवून टाकले. संस्कृती जिथे भरभराटीची दिसली तिथे उत्तरेकडचे रक्त, जिथे उतरती दिसली तिथे दक्षिणेकडून आलेले काळे लोक, असा सरळ हिशेब. आफ्रिकेचा इतिहास कितीतरी वर्षे असाच शिकवला गेला. १९७३ मध्ये व्हॅन गेर्व्हेन, कार्लसन आणि आर्मेलागोस यांनी नुबियातल्या सांगाड्यांचा नव्याने विचार मांडला आणि हा वंशांचा हिशेब नाकारला. लोक बाहेरून येऊन जुन्यांची जागा घेत नव्हते; तीच वस्ती पिढ्यानपिढ्या टिकून आपले खाणे आणि शेती बदलत होती. मोजमापे बहुतेक तीच होती, डोळे बदलले होते. पण पुन्हा पाहायला हाडे शिल्लक असावी लागतात. एलियट स्मिथ यांच्या काळातला संग्रह कैरोपासून मँचेस्टर, केंब्रिजपर्यंत विखुरला, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयातला बराच मोठा साठा १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला.

दुसरे धरण त्याहून कितीतरी मोठे. त्याचे काम १९६० मध्ये सुरू झाले आणि युनेस्कोने त्याच वर्षी जगाला हाक दिली. अबू सिंबेलचे देऊळ कापून वर उचलले, ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचेही पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये नुबियात जाऊन खणून आले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. देवळे उचलता येतात. दफने उचलायची म्हणजे एकेक सांगाडा, त्याचा क्रमांक, थडग्याचा नकाशा, शेजारची मडकी, सगळे एकत्र न्यावे लागते. क्रमांक हरवला, की हाडावरून वय आणि लिंग सांगता येते, पण तो माणूस कोणत्या काळातला आणि कोणत्या गावचा, हे हरवते.

नोंदी नीट असल्या तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे सिस्टोसोमा. हा कृमी साचलेल्या किंवा संथ पाण्यातल्या गोगलगायींत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतो. महाराष्ट्रालाही तो अगदीच परका नाही. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांत त्याची लागण आढळली होती. वादी हल्फा भागातली काही प्रेते रुक्ष हवेत आपोआप वाळून टिकली होती. १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा २३ प्रेतांचे ऊतक तपासले, तेव्हा १५ जणांत या कृमीचे अंश सापडले. पुढे आणखी वरच्या अंगाला, कुलुब्नार्ती या गावच्या अशाच प्रेतांशी तुलना झाली. तिथे लागण कमी होती. फरक होता पाणी उपसण्यात. वादी हल्फाकडे ‘साकिया’, म्हणजे जनावरांनी ओढायचे रहाटगाडगे आणि त्याचे पाट होते. कुलुब्नार्तीची शेती अधिक करून पुराच्या पाण्यावर होती. पाट आले, पीक वाढले, आणि गोगलगायही आली. ही तपासणी ज्या तंत्राने झाली, ते हाडे उकरली तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

साकिया कसे चाले, पाण्यात कोण उतरे, धुणे कुठे होई, हे हाड सांगत नाही. ते सांगणारी माणसे तेव्हा त्याच गावांत राहत होती. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाने रॉबर्ट फर्निया यांच्या नेतृत्वाखाली १९६१ ते १९६४ या काळात इजिप्तकडच्या नुबियातल्या जिवंत समाजाची पाहणी केली. केनुझ, अरब आणि फादिजा अशा तिन्ही लोकांत अभ्यासक जाऊन राहिले. केनुझांच्या गावांत पुरुष कैरोत आचारी नाहीतर दरवान, आणि गावात बायका, मुले, म्हातारे. घरे, लग्ने, नातीगोती, शेतीचे वाटे, सगळे लिहून घेतले. पुढे पाणी चढले. इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियनांना कोम ओंबोच्या बाजूला हलवले, आणि सुदानातल्या जवळपास तितक्याच लोकांना नाईलपासून दूर खश्म अल-गिर्बाला. नव्या वसाहतींत सुरुवातीच्या काळात तान्ही मुले आणि म्हातारी माणसे जास्त दगावली. हेही त्याच अभ्यासाचा भाग मानायला हवे, कारण हाडांवर उमटणारा कुपोषणाचा आणि आजाराचा ठसा असाच उमटत असतो.

सुदानच्या वाट्याला आलेले बुहेन आणि सेम्ना इथली देवळे खार्तुमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या बागेत पुन्हा उभी केली गेली आणि १९७१ मध्ये ते संग्रहालय खुले झाले. तिथे पुरातन सांगाड्यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळाही होती. एप्रिल २०२३ मध्ये देशात युद्ध सुरू झाले. जूनमध्ये निमलष्करी दलाचे सैनिक या प्रयोगशाळेत शिरल्याचे आणि तिथले मानवी अवशेष उघडे पडल्याचे चित्रण जगभर पसरले. मार्च २०२५ मध्ये सुदानच्या सेनेने खार्तुम परत घेतले, तेव्हा संग्रहालयाची दालने लुटलेली होती. बागेतली देवळे दगडाची आणि जड, म्हणून जागेवर होती.