दोष एकटीच्याच माथी का?

नवरात्रात गेवराई तालुक्यातील तलवाड्याला त्वरितादेवीच्या दर्शनासाठी गावोगावची माणसे येतात. देवीपुढे बोलल्या जाणाऱ्या नवसांत मूल व्हावे हा नवस जुना आहे आणि आपल्याकडील बहुतेक देवस्थानांना तो परिचित आहे. उपास धरते ती सून, अनवाणी चालत येते ती सून आणि वर्ष सरले की शेजारणींची बोलणी ऐकून घेते तीही सूनच. तिच्या नवऱ्याची तपासणी झाली आहे काय, हे विचारणे मात्र असभ्यपणाचे मानले जाते.

आपली भाषाही या पक्षपातातून सुटलेली नाही. 'वांझ' हे दूषण स्त्रीसाठीच राखून ठेवलेले आहे. पुरुषासाठी 'निपुत्रिक' हा शब्द आहे खरा, परंतु त्यात त्याच्याविषयी कणव आहे, दोषारोप नाही. त्यातच नपुंसकत्व आणि वंध्यत्व यांची गल्लत झाल्याने तपासणीचे नाव काढताच पुरुषाला आपल्या पौरुषावरच घाला आल्यासारखे वाटते. वास्तविक या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. शरीरसंबंधात काहीही उणे नसलेल्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू अत्यल्प असू शकतात, किंवा मुळीच नसू शकतात. डोळ्यांना ते कळत नाही, सूक्ष्मदर्शकाला कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा अंशतः कारण असते. त्याची कारणेही गूढ नाहीत. शुक्रजंतूंच्या निर्मितीस शरीराच्या उष्णतेहून दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. म्हणूनच निसर्गाने वृषणांना शरीराबाहेर स्थान दिले. तेथील शिरा फुगल्या, म्हणजे ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात तो विकार जडला, की ही व्यवस्था बिघडते. आणि हे कारण फार मोठ्या संख्येने आढळते. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड वृषणांवर उतरणे, जन्मतः वृषण खाली न उतरणे, लैंगिक रोगांमुळे शुक्रवाहिनी बंद होणे, गुणसूत्रांतील दोष, तंबाखू व दारू ही आणखी काही कारणे होत. शरीर पिळदार करण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर ठाऊकही नसते की, त्याच औषधाने शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.

शेतीप्रधान जिल्ह्याने आणखी एका कारणाकडे लक्ष द्यावयास हवे. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांना आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत असे आपापसांतील बोलण्यातून जाणवले. तपासणी केली तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. प्रत्येक कीटकनाशक असेच घातक असते असे नव्हे. परंतु कपाशीवर उघड्या अंगाने आणि तोंडाला फडकेही न बांधता फवारणी करणाऱ्या माणसाने यातून सावध व्हावयास नको काय?

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक कडवट बाजू आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. उचल दोघांच्या नावावर, श्रम दोघांचे. आरोग्याची किंमत मात्र स्त्रीनेच अधिक मोजली. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणीतील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. तो प्रश्न वेगळा आहे हे खरे. तथापि दुखणे कोणतेही असो, शस्त्र स्त्रीच्या देहावर चालवावयाचे, ही सवय दोन्हीकडे एकच आहे.

येथे उपाय खर्चिक नाही. वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या तपासण्यांतील सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी होय. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावयाचा आणि दोष आढळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासावयाचा, एवढेच. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्याचा किंवा उपचाराचा परिणाम तीनेक महिन्यांनी पाहता येतो. सर्वच दोष बरे होत नाहीत हे मान्य केले पाहिजे. 1986 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने परीक्षानलिकेतील बालक जन्मले आणि 1992 पासून एकाच शुक्रजंतूने बीजफलन घडविण्याचे तंत्रही जगापुढे आले. पण ऊसतोड मजुराला त्याचा खर्च कसा झेपावा? म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकणाऱ्या साध्या तपासणीचे मोल अधिक आहे.

र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू करून ज्या गोष्टी उघड बोलावयास आपल्याला शिकविले, त्यांत ही गोष्ट अजून आपण घेतलेली नाही. श्रद्धेला कोणी हरकत घेऊ नये. देवीला जावे, नवसही बोलावा. परंतु सुनेला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हिंडविण्यापूर्वी, तिच्यावर सवत आणण्याची भाषा काढण्यापूर्वी, घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला तपासणीस पाठवावे. डॉक्टरांनीही एकट्या स्त्रीला तपासून औषधे लिहून देण्याचे नाकारावे आणि 'नवऱ्याला घेऊन या' असे पहिल्याच भेटीत बजावावे.